एका पत्रातील ‘आम्ही’ आणि ‘ते’

‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्याविषयी आपल्या नियतकालिकांतून आजवर पुष्कळ लिहून आले आहे. १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापला गेलेला त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ, त्या ग्रंथात त्यांनी केलेले मराठी भाषेचे कौतुक, कोंकणीच्या व्याकरणाची त्यांनी घातलेली पायाभरणी, हे सारे आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहे. परंतु गोव्याच्या भूमीवर पाऊल ठेवल्यावर अवघ्या सतरा दिवसांनी याच लेखणीतून उतरलेले एक लिखाण मात्र फारसे कोणी वाचीत नाही. १० नोव्हेंबर १५७९ रोजी स्टीफन्स यांनी इंग्लंडमधील आपल्या वडिलांना लिहिलेले ते इंग्रजी पत्र. रिचर्ड हॅक्लूट या संग्राहकाने इंग्रज प्रवाशांच्या वृत्तांतांची जी मोठी जंत्री सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध केली, तीत ते समाविष्ट झाले म्हणून वाचले. लिस्बन ते गोवा हा समुद्रप्रवास हा त्या पत्राचा विषय.

या पत्राचा उल्लेख जेथे होतो, तेथे तो दोनच प्रकारे होतो. चरित्रकार त्यातून दोन तारखा उचलतात, ४ एप्रिलचे प्रस्थान आणि २४ ऑक्टोबरचे आगमन, आणि पुढे पुराणाकडे वळतात. इतिहासाचे हौशी अभ्यासक त्यातून नवलाईच्या गोष्टी वेचतात: उडणारे मासे, शार्क माशाला चिकटून राहणारे लहान मासे, पाण्यावर तरंगणारा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा विषारी जीव. आमच्या मते दोघांच्याही हातून पत्राचा गाभा निसटतो. शेकडो माणसे एका लाकडी पेटीत २०३ दिवस कोंडली गेली असता त्यांचे एकमेकांशी काय होते, त्यांची आशा कशी चालते, त्यांचा राग कोठे जातो, याची ही एक अत्यंत प्रामाणिक, परंतु अर्धवट झाकलेली नोंद आहे. ती तशी वाचावी, एवढाच या लेखाचा आग्रह.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या मुक्कामात आम्ही हे पत्र पुन्हा वाचले, आणि त्या स्थळाचा या वाचनावर परिणाम झाला हे आम्ही नाकारीत नाही. लोणारचे विवर उल्कापातानेच घडले, हे १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील शोधनिबंधाने सिद्ध केले. बेसॉल्ट खडकात झालेले असे विवर पृथ्वीवर विरळा असल्यामुळे चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागाचा विचार करणारे शास्त्रज्ञ येथील दगडमातीकडे वळत आले आहेत. परग्रहावर माणसे पाठविण्याची भाषा निघाली, की दगडाचा प्रश्न पहिला येतो आणि माणसांचा मागाहून. वास्तविक दगडाची परीक्षा प्रयोगशाळेत होऊ शकते. सहा माणसे दोन वर्षे एका खोलीत राहिली तर सहाव्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर काय बोलतील, याची परीक्षा सोपी नाही.

परंतु लोणारचे आम्हांस अधिक भावले ते दुसरेच वैशिष्ट्य. काठावरच्या धारेचे पाणी गोडे आहे. बारमाही वाहते, भाविक तीत स्नान करतात. तेच पाणी सुमारे दीडशे मीटर खोल असलेल्या विवराच्या तळाशी जाऊन क्षारमय होते. कारण एवढेच, की आत येण्यास वाटा आहेत आणि बाहेर पडण्यास एकही नाही. ऊन पाणी नेते, क्षार मागे ठेवते. गावच्या कथेत लवणासुर जमिनीखालच्या विवरात झाकण लावून राहत असे आणि दैत्यसूदन रूपातील विष्णूने पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवून दिले. भूगर्भशास्त्राला ही कथा मान्य होणार नाही. मात्र झाकण लावलेल्या जागेत काहीतरी खारट साचत जाते, हे लोकांच्या कल्पनेला केव्हाच उमगले होते असे दिसते.

आता पत्राकडे वळू. स्टीफन्स लिस्बनला पोहोचले ते गलबते सुटण्याच्या आठच दिवस आधी. इतका उशीर झाला होता, की त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या जागी दुसऱ्यांची नेमणूकही होऊन गेली होती. ऐन वेळी यांना जागा मिळाली. पाच जहाजे निघाली. खलाशी आणि शिपाई यांच्याखेरीज त्यांवर मुले पुष्कळ होती, स्त्रियाही होत्या. मुले समुद्रावर प्रौढ पुरुषांपेक्षा चांगली तग धरतात, असे निरीक्षण लेखक जाता जाता नोंदवितो.

सहाव्या दिवशी, १० एप्रिलला, मदेइराजवळच्या पोर्तो सांतो बेटापाशी एका इंग्रजी जहाजाने त्यांच्यावर तोफा डागल्या. स्टीफन्स इंग्रज. त्यांच्या भाषेचे, त्यांच्या राणीच्या राज्यातील ते जहाज. परंतु पत्रात ‘आपले’ जहाज म्हणजे पोर्तुगीज जहाज. इंग्रजी जहाज दिसायला देखणे आणि मोठे होते, असे ते कौतुकाने सांगतात आणि इतके चांगले जहाज अशा वाईट कामी लागावे याचे दुःख व्यक्त करतात. त्या एका वाक्यात आम्हांस पत्रातील पहिला खरा मानसिक क्षण दिसतो. माणसाचे ‘आपण’ कोणते, हे त्याच्या जन्मगावावरून ठरते असे आपण समजतो. येथे ते पायाखालच्या फळ्यांवरून ठरले, आणि तेही सहा दिवसांत. अर्थात स्वधर्मासाठी मायदेश सोडलेल्या जेझुइटाच्या मनाची तयारी आधीच झालेली असणार. सगळे श्रेय फळ्यांना देणे बरोबर नव्हे.

येथून पुढे वाचकाने सर्वनामांकडे लक्ष ठेवावे, अशी आमची विनंती आहे. स्टीफन्स यांच्या पत्रात ‘आम्ही’ आणि ‘ते’ ही दोन सर्वनामे आळीपाळीने येतात आणि ती मुळीच अदलाबदल करण्याजोगी नाहीत. कानरी बेटांच्या पुढे हवा इतकी प्रतिकूल झाली, की या वर्षी उत्तमाशा अंतरीप ओलांडणे होणार नाही म्हणून निराश झाले ते ‘ते’. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडून जहाज दिवसचे दिवस खिळून राहते, पावसाचे पाणी साचले की त्यात किडे होतात, टांगलेल्या मांसावर पडले की मांसात किडे होतात. हे सोसणारे, आणि तो पट्टा ओलांडल्यावर स्वतःस धन्य मानणारेही ‘ते’. परंतु २९ जुलैला अंतरीपाशी आल्यावर एकाएकी सर्वनाम बदलते.

तो प्रसंग पत्रातील सर्वांत उत्कट. वादळ नव्हते, केवळ प्रचंड लाटा होत्या. वाट दाखविणाऱ्या पायलटाला वारा अनुकूल वाटला आणि त्याने जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेले. वारा दक्षिणेस फिरला. आगुल्यास भूशिरापासून सहा मैलांवर, चौदा वावांहूनही कमी पाण्यात जहाज येऊन ठेपले. खाली धारदार खडक, नांगर धरेना. किनारा असा, की उतरता येऊ नये. आणि उतरलेच तर पुढे हिंस्र पशू आणि परक्यांना मारणारे लोक, अशी सर्वांची समजूत. (त्या भूमीतील लोकांविषयीची ही समजूत त्या काळच्या युरोपीय खलाशांची आहे, आणि स्टीफन्स ती तपासून पाहत नाहीत.) या ठिकाणी जीविताची आशा सोडलेले जे आहेत ते ‘आम्ही’. नांगर गमावले, शिडे चढविली, आणि कोणाची अपेक्षा नसता जमिनीकडून वारा आला व जहाज सुटले. दुसऱ्या दिवशी मासेमारी. ‘आम्ही’ मासे धरू लागलो आणि ‘त्यांनी’ इतके पकडले, की सगळ्या जहाजाला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही काही अंशी पुरले. एका वाक्याच्या पोटात ‘आम्ही’चे पुन्हा ‘ते’ झाले. मृत्यूने एकत्र केलेला समूह पोट भरताच पुन्हा दोन समूह झाला.

हा आम्ही ओढूनताणून काढलेला अर्थ आहे, असे कोणी म्हणेल. खासगी पत्र लिहिणारा मनुष्य सर्वनामे मोजून वापरीत नाही. नेमके म्हणूनच ती विश्वसनीय. जे मोजून लिहिले जाते त्यात मनुष्य स्वतःला हवा तसा दाखवितो, सर्वनाम निसटते.

अंतरीपानंतर दोन वाटा असत. मादागास्करच्या आतून मोझांबिकला पाणी भरून जाणारी एक आणि बाहेरून जाणारी, लांबची, विसाव्यावाचूनची दुसरी. यांच्या वाट्याला दुसरी आली. हिरड्या सुजतात व त्या कापून टाकाव्या लागतात, पाय सुजतात, हातपाय हलविता येत नाहीत आणि माणसे अशक्ततेने मरतात, असे स्टीफन्स लिहितात. हा स्कर्व्ही; त्याचे कारण आहारातील ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव, हे कळावयास अजून साडेतीनशे वर्षे लागावयाची होती. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मरण पावली. इतर खेपांच्या मानाने हा तोटा ‘त्यांना’ फारसा वाटला नाही. येथले ‘ते’ आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. सत्तावीस मृत्यू किरकोळ मानणाऱ्यांत लेखक स्वतःला धरीत नाही. तथापि त्या सत्तावीस जणांपैकी एकाचेही नाव तो देत नाही. जहाजावरच्या कोणाचेच नाव पत्रात नाही, पायलटाचेही नाही.

पुढे चूक झाली. अकराव्या अक्षांशाच्या सुमारास हजारो मासे जहाजाभोवती जमले. पंधरा दिवस त्यांवाचून दुसरे काही खाल्ले नाही, कारण दुसरे काही उरलेच नव्हते. मग ससाण्याच्या जातीचे दोन पक्षी हाती लागले. हे पक्षी हिंदुस्थानचे, म्हणजे किनारा आला, असा सर्वांना हर्ष झाला. पक्षी अरबस्तानचे होते. जहाज भारताजवळ नव्हते, तांबड्या समुद्राच्या मुखाशी असलेल्या सोकोत्रा बेटाच्या जवळ होते. वायव्येकडे वाहणाऱ्या प्रवाहांनी आणि होकायंत्राच्या विचलनाने त्यांना भलतीकडे नेले होते. हर्ष करणारे ‘ते’. आपण भारताजवळ आलो असे समजणारे मात्र ‘आम्ही’. लेखक स्वतःलाही त्या भ्रमात मोजतो, हा त्याचा मोठेपणा. लगेच पुढे मात्र जहाज चालविणाऱ्यांवर त्याची लेखणी धारदार होते: नेहमीच्या अनुभवावर समाधान मानणारे हे लोक आपण मार्गापासून ढळलो की नाही हे तपासण्याची तसदीही घेत नाहीत.

बंदिस्त जागेतील समूहांचा आज जो अभ्यास झाला आहे, त्याच्या प्रकाशात हे दोन परिच्छेद पुन्हा वाचावेत. मीर व आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरील पथकांचा अभ्यास करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ निक केनास यांनी दाखविले, की आत साचलेला राग पथके पुष्कळदा बाहेर, जमिनीवरील नियंत्रण कक्षाकडे वळवितात. शेजारी झोपणाऱ्यावर रागावणे परवडत नाही. त्याच्याशी उद्याही त्याच हातभर अंतरावर उठायचे असते. सोळाव्या शतकातील जहाजाला नियंत्रण कक्ष नव्हता. तेथे ‘बाहेरचे’ कोण? जे सुकाणूपाशी उभे, ज्यांच्या हाती होकायंत्र, ते. स्टीफन्स यांची टीका शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होती, कारण प्रवाह आणि चुंबकसुईचे विचलन यांविषयीचे त्यांचे निरीक्षण अत्यंत जाणकार आहे. परंतु टीका योग्य असणे आणि तिला मनातील क्षाराची धार असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

त्या दोन पक्ष्यांचे मर्म याहून खोल आहे. कोंडलेला समूह एकाच इच्छेने इतका भारलेला असतो, की खूण दिसताच तिचा एकच अर्थ सर्वांना दिसतो आणि शंका घेणारा सर्वांचा आनंद हिरावून घेणारा ठरतो. त्या दिवशी जहाजावर कोणी शंका घेतली होती काय, हे पत्र सांगत नाही.

अशा मुक्कामांचा तिसरा चतुर्थांश सर्वांत कठीण जातो, असा एक सिद्धान्त बेक्टेल आणि बर्निंग यांनी १९९१ साली मांडला: अर्धे संपल्याचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट अजून दृष्टिपथात नसतो. पुढील सर्वच अभ्यासांत तो ठळकपणे आढळलेला नाही. स्टीफन्स यांच्या जहाजाला तर तो लावताच येत नाही. अंतरीपाशी आले तेव्हा निम्म्याहून थोडा अधिक प्रवास झाला होता, हे आपण आज दिनदर्शिका हाती घेऊन म्हणतो. जहाजावरील कोणालाच ते ठाऊक नव्हते. आतल्या वाटेने पाच महिने लागत. यांना जवळजवळ सात लागले. ज्यांना शेवटाची तारीख माहीत नाही, त्यांना तिसरा चतुर्थांश नसतोच.

येथे तुलनेसाठी ‘बेल्जिका’ या जहाजाचे स्मरण होते. १८९८ साली ते अंटार्क्टिकच्या बर्फात अडकले आणि सुमारे तेरा महिने अडकून राहिले; त्यातही सुटकेची तारीख कोणास ठाऊक नव्हती. ध्रुवीय रात्रीत माणसे खचली, काहींची मने बिघडली. फ्रेडरिक कुक या डॉक्टराने पेंग्विन आणि सील यांचे ताजे मांस खावयास लावून आणि रुग्णांना धगधगत्या शेगडीसमोर बसवून त्यांना सावरले. त्याच्या नोंदींत चिडचीड आहे, किळस आहे, सोबत्यांचा कंटाळा आहे. वाङ्मय म्हणून स्टीफन्स यांचे पत्र अधिक रेखीव. माणसांची माहिती म्हणून कुकचे लिखाण कितीतरी अधिक उघडे. आमच्या लेखकाची ही उणीव आम्ही झाकू इच्छीत नाही. सात महिन्यांच्या प्रवासात एकही भांडण नाही, पाण्याच्या वाटणीवरून एकही कुरकुर नाही, हे संभवत नाही. मठवासीयांसाठी नियम घालून देणारे संत बेनेडिक्टसुद्धा कुरकुरीविरुद्ध पुन्हा पुन्हा बजावतात. ज्यांनी स्वेच्छेने एकत्र राहणे पत्करले त्यांच्यातही ती असणार हे ते जाणून होते. मग शिपाई, खलाशी, मुले आणि स्त्रिया यांनी भरलेल्या गलबतावर ती नव्हती काय?

ती का वगळली गेली, याचे उत्तर पत्राच्या मायन्यातच आहे. हे पत्र वडिलांना लिहिलेले आहे. पुत्राने दूरदेशी जाताना मागितलेला आशीर्वाद त्यात आहे, आणि अनेकांची अपेक्षा नसतानाही आपली प्रकृती सर्व प्रवासभर उत्तम राहिली, असे आश्वासन आहे. सत्तावीस मृत्यू सांगितले, परंतु ‘मी बरा आहे’ हे लगोलग त्यांच्याच शेजारी ठेवले. घरी जाणारे पत्र धोका सांगू शकते, कारण तो टळलेला असतो. कंटाळा, द्वेष, एकाकीपण सांगू शकत नाही, कारण ते टळलेले नसते. चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी आपला भाऊ रिचर्ड यास लिहिलेल्या पत्रात या देशाच्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी असल्याचे निरीक्षण येते. तोवर हा माणूस या भूमीतल्या लोकांच्या बोलण्यात शिरू लागला होता. त्या दोन पत्रांच्या मधल्या काळात ‘ते’ किती कमी झाले, याचा शोध एखाद्या अभ्यासकाने अवश्य घ्यावा.

आपल्याच काळातील एक उदाहरण गोव्याचेच आहे. नौदलाची ‘तारिणी’ ही सतरा मीटर लांबीची शिडाची नौका दिवाडीच्या कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तीतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, गोव्यास परतल्या. त्यापूर्वी कमांडर दिलीप दोंदे या मराठी दर्यावर्द्याच्या देखरेखीखाली त्या ‘म्हादेई’वर एकत्र शिकल्या होत्या, एकत्र मॉरिशस आणि केपटाऊनपर्यंत जाऊन आल्या होत्या. स्टीफन्स यांना लिस्बनमध्ये आठ दिवस मिळाले. येथे परस्परांच्या स्वभावाची परीक्षा आधीच झालेली होती. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन येथे मुक्काम होते. सुकाणूत बिघाड झाल्यावर मॉरिशसला थांबता आले. बाहेर पडण्याच्या वाटा होत्या. परंतु त्यांच्याविषयी जे लिहिले गेले, त्यात लाटांची उंची, वाऱ्याचा वेग आणि देशाचा अभिमान यांनाच बहुतेक जागा मिळाली, हे खेदाने नमूद करावे लागते. सहा जणींनी एका खोलीएवढ्या जागेत एकमेकींना कसे सांभाळले, हे विचारावेसे फार थोड्यांना वाटले. सव्वाचारशे वर्षांत वृत्तांतलेखनाची ही सवय मोडलेली नाही.

मॉस्कोतील ‘मार्स-५००’ प्रयोगात तर लाटाच नव्हत्या. ३ जून २०१० ते ४ नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस सहा पुरुष बंद कक्षांत राहिले. मंगळाकडे जात असल्याची केवळ बतावणी. जसजसे दिवस गेले तसतशी त्यांची हालचाल मंदावली आणि झोप व विश्रांती वाढत गेली, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. संकट नसलेला कोंडमारा माणसाला असा हळूहळू आडवा करतो. गिनीच्या किनाऱ्यालगत खिळलेल्या त्या गलबताचे वर्णन वाचताना, तेथील माणसे दिवसभर काय करीत असतील, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस खडकांच्या प्रसंगापेक्षाही अधिक छळतो. स्टीफन्स सांगतात ते किड्यांविषयी आणि विजांविषयी.

आमच्या वाचकांपैकी वसई, मुंबई आणि गोवा येथील अनेक कुटुंबांतील मुलगे आज व्यापारी जहाजांवर आहेत. २०२० साली महामारीत बंदरे बंद झाली, तेव्हा जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले. त्यांनाही तिसरा चतुर्थांश राहिला नव्हता. त्या वर्षी जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना उद्देशून ध्वनिचित्रसंदेश दिला. १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेली, आज ‘स्टेला मारिस’ या नावाने बंदरोबंदरी चालणारी सेवा जहाजावर जाऊन भेटते ती याच माणसांना. त्यांच्या घरी त्या काळात रोज फोन येत होते. फोनवर हवामान सांगितले जाई, जेवण काय झाले ते सांगितले जाई, बंदराचे नाव सांगितले जाई, आणि मग, स्टीफन्स यांच्याप्रमाणेच, प्रकृती ठीक असल्याचे. फोन ऐकणाऱ्या आईने ‘आम्ही’ कोठे आले आणि ‘ते’ कोठे आले इकडे कान दिला असता, तर तिला हवामानाहून अधिक काही कळले असते.